त्या दिवशी मला कोण चालवत होतं?

मित्रांनो, मी एक जुनी, बॅटरीवर चालणारी गाडी आहे. गाडी म्हणते खरी, पण माझा गोंधळ इथूनच सुरू होतो. कारखान्याच्या कागदावर माझं नाव गोल्फ कार्ट असं आहे. मांजरसुंब्याच्या पुढे हायवेला लागून जे लग्नाचं लॉन्स आहे, तिथले मालक मला बग्गी म्हणतात. वऱ्हाडातल्या बायका सरळ रिक्षा म्हणून मोकळ्या होतात. आणि भागवत मला घोडी म्हणायचा. इतकी नावं असली की आपण नेमके कोण, हेच कळेनासं होतं. तरी मी माझी गोष्ट सांगते. काय ते तुम्हीच ठरवा.

मला दोन बाकं आहेत. पुढचं बाक पुढे तोंड करून आहे आणि मागचं मागे तोंड करून. म्हणजे माझ्यात बसलेल्या चार माणसांपैकी दोघांना आपण कुठे चाललो ते दिसतं आणि दोघांना आपण कुठून आलो एवढंच दिसतं. बाकाखाली सहा बॅटऱ्या आहेत. पायाशी दोन पॅडल आहेत, एक पळवायचं आणि एक थांबवायचं. थांबवायचं पॅडल पार खालपर्यंत दाबलं की ‘कट्’ असा आवाज होतो, ते तिथेच अडकतं आणि मी उभी राहते. पण पळवायच्या पॅडलला पाय लागला की ते आपोआप सुटतं. माझी घडणच तशी आहे, त्यात माझा काही इलाज नाही.

माझी उमेदीची वर्षं पुण्याजवळच्या एका हिरव्यागार मैदानावर गेली. तिथली मोठी माणसं एक पांढरा चेंडू काठीने लांब मारायची आणि मग माझ्यात बसून तोच चेंडू शोधायला निघायची. हवा होता तर लांब का मारला, हे मला सहा वर्षांत कळलं नाही. पण रोज सकाळी मला धुवायचे, पुसायचे, बॅटऱ्यांत पाणी भरायचे. मी आपली खुशीत होते. मग नव्या गाड्या आल्या आणि मला शेडमागे लावून दिलं. दोन पावसाळे तिथे कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. छपरात मुंग्यांनी घर केलं. एक दिवस टेम्पोत घालून मला बीडकडे आणलं, तेव्हा मला वाटलं, आपली भंगारात रवानगी झाली.

तसं झालं नाही. विजयसिंह नावाच्या मोठ्या शेतकऱ्याने आपल्या हायवेच्या रानात लग्नाचं लॉन्स काढलं होतं. गेटपाशी सिमेंटचे दोन हत्ती होते, आत गवत, पलीकडे स्टेज. आजूबाजूचे लोक त्यांना दादा म्हणत. दादांनी मला पांढरा रंग दिला, नव्या बॅटऱ्या बसवल्या आणि झेंडूच्या माळा घातल्या. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत घोडीवरून जायचा. परत आला की घोडी गेटबाहेर आणि नवरानवरी माझ्यात. गेटपासून स्टेजपर्यंत दोनशे पावलं मी त्यांना न्यायची. लोक मोबाइल वर करून उभे राहायचे. पुण्यात मला कुणी एवढं बघितलं नव्हतं.

मला चालवायला दादांनी भागवतला ठेवलं. भागवत नांदूरघाटकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मेंढरं विकून टाकली आणि आई कडूबाई आणि आठ वर्षांची लेक रोहिणी यांना घेऊन तो लॉन्सच्या मागच्या खोलीत राहायला आला. बायको सुभद्राबाई लॉन्सच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. पहिल्याच दिवशी भागवतने माझ्या चाकांना हळदकुंकू लावलं आणि पुढे घुंगरांची माळ बांधली.

“आवाज न्हाई, धूर न्हाई,” तो कडूबाईला म्हणाला. “ही गाडी न्हाई आई, ही आपली घोडीच हाय.”

ते घोडीचं प्रकरण काय, ते मला हळूहळू कळलं. दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला, चारायला निघत. माणसं पायी चालत आणि सगळा संसार घोडीच्या पाठीवर असे. बाज, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि त्यांच्या मधोमध दोरीने बांधलेलं लहान लेकरू. लगाम कुणाच्याच हातात नसे. भागवत दोन वर्षांचा असल्यापासून असा घोडीवर वाढला होता.

“घोडी लेकराला पाडत न्हाई,” तो सांगायचा. “लेकरू जरा कलंडलं की ती हुबी राहती. तिला समदं कळतं.”

हे ऐकून मी फार सुखावले होते, मित्रांनो. माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता. मीही मनात म्हणायची, मला समदं कळतं. खरं तर मला काहीच कळत नव्हतं.

दादांचा मुलगा अमरसिंह सहा वर्षांचा होता. लग्न नसलं की दादा त्याला मांडीवर घेऊन माझ्यात बसत. स्टिअरिंगच्या चाकावर अमरचे हात आणि पॅडलवर दादांचा पाय. मी हळूहळू चालले की अमर ओरडायचा, “मी चालवतोय! मी चालवतोय!” दादा त्याचे व्हिडिओ काढायचे. कामावरची माणसं म्हणायची, “पोरगं हुशार हाय.” मला हे काही उमजायचं नाही. पाय एकाचा, हात दुसऱ्याचा. मग मला चालवतं कोण? मी कुणाचं ऐकते आहे? मी विचार करून करून थकायची आणि स्टेजपाशी पोचायची.

रोहिणी हत्तीच्या पायाला टेकून हे बघत असायची. तिने एकदाही हट्ट केला नाही. फक्त एकदा, भागवत मला पुसत होता तेव्हा तिने विचारलं, “आबा, आमरला कावून येतं आन् मला कावून न्हाई?”

भागवत हसला. “त्यालाबी येत न्हाई. बस, तुला दाखवतो.”

त्या दिवसापासून दुपारी सगळे जेवायला गेले की तो तिला शेजारी बसवायचा आणि चाक तिच्या हातात द्यायचा. पाय त्याचाच. रोहिणी ओरडायची नाही. ओठ दाबून समोर बघायची आणि मला अगदी सरळ न्यायची. तिचे हात बारीक पण पक्के होते. अमरपेक्षा मला तेच आवडायचे, आता लपवून काय करू?

मग तो मंगळवार आला. दुसऱ्या दिवशी एक मोठं लग्न होतं. दुपारची वेळ होती, माणसं जेवायला मागे गेली होती. मागच्या बाकावर कडूबाई मांडीवर सूप घेऊन झेंडू निवडत बसली होती. पुढे भागवत आणि रोहिणी. समोर फरसबंदीच्या वाटेवर, गेटच्या बाजूला, आमच्यापासून पन्नास पावलांवर अमर पाठमोरा बसून खडूने रेघोट्या ओढत होता.

तेवढ्यात बाजूच्या नळाचा पाइप निसटला आणि पाण्याची धार थेट मांडवाच्या नव्या कापडावर उडाली. भागवतने थांबवायचं पॅडल खाली दाबलं, ‘कट्’ झालं आणि त्याने उडी मारली.

“बस हितंच,” तो रोहिणीला म्हणाला. “घोडी हाय, कुटं जात न्हाई.”

चावी त्याने काढली नाही. त्याने ट्रॅक्टर चालवला होता. ट्रॅक्टर चालू असला की कानाला कळतं, सगळं अंग हादरतं. मी मात्र चालू असले काय आणि बंद असले काय, सारखीच गप्प. आणि घोडीला तर चावी नसतेच.

रोहिणी आबांच्या जागेवर सरकली. तिला फक्त त्यांच्यासारखं चाकासमोर बसायचं होतं. पण बाक खोल आहे आणि तिचे पाय आखूड. ती पुढे सरकत सरकत कडेला आली, घसरली आणि तिचा उजवा पाय पळवायच्या पॅडलवर पडला. ‘कट्.’ ब्रेक सुटला. मी निघाले.

मला पायाचं वय कळत नाही, मित्रांनो. पाय पडला की मी जाते. ती घाबरली, तिने चाक आणखी घट्ट धरलं आणि त्या भरात पॅडलवर ताठ उभी राहिली. मी आणखी जोरात पळाले. घुंगरं वाजत होती, पण पाण्याच्या आवाजात अमरला ती ऐकू गेली नाहीत. त्याची पाठ जवळ येत होती. लेकरू कलंडलं की घोडी उभी राहते, हे मला पाठ होतं. मी उभी राहायला खूप धडपडले. पण मला ते येतच नव्हतं. कसं करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मग त्या बारीक हातांनी चाक सगळं उजवीकडे ओढलं. मी अमरला सोडून गवतातून गेले आणि सिमेंटच्या हत्तीवर आदळले. हत्तीची सोंड तुटून खाली पडली. सूप उडालं. आणि कडूबाई, जिला आपण कुठे चाललो हे शेवटपर्यंत दिसलंच नाही, वळणाच्या झोक्यानेच मागच्या बाकावरून फरसबंदीवर फेकली गेली होती.

भागवत धावत आला तो आधी आईपाशी. तिचा एक पाय वाकडा पडला होता. अमर उठून बघत होता. त्याला एवढंच दिसलं की हत्तीला सोंड नाही. तेवढ्यात गेटपाशी दादांची जीप वळली. भागवतने रोहिणीला उचललं, माझ्यापासून लांब नेऊन उभं केलं आणि म्हणाला, “तू हितं व्हतीस. मी चालवत व्हतो. ध्यानात ठेव.”

दादा उतरले. “कोण चालवत होतं बे?”

“मी, दादा.”

“डुलकी लागली का?”

भागवतने एकदा रोहिणीकडे पाहिलं. “व्हय,” म्हणाला.

कडूबाईचा खुबा मोडला होता. बीडच्या दवाखान्यात नेऊन तिच्या खुब्यात सळई घातली. माझा पुढचा भाग बदलला, पण घुंगरं पुन्हा कुणी बांधली नाहीत. दादांनी भागवतला माझ्यावरून काढून गेटवर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, हा गाडी चालवता चालवता झोपला. भागवत मान खाली घालून ऐकायचा. मला वाटायचं, ओरडून सांगावं. पण काय सांगणार? रोहिणी चालवत होती, असं? ती तर फक्त घसरली होती. भागवत चालवत होता, असं? तो तर नळापाशी होता. मी स्वतः पळाले, असं? माझं मलाच काही ठरवता येत नव्हतं.

महिन्याभराने कडूबाई वॉकर घेऊन घरी आली. तिची बाज माझ्या शेजारी, खोलीच्या दारात टाकली. आणि मग माझ्या लक्षात आलं की रोहिणी आजीच्या जवळ जातच नाही. चहाचा पेला लांबून जमिनीवर ठेवायची आणि निघून जायची. आजीने हाक मारली तर कामाचं निमित्त काढायची. मला तर ती दहा पावलांचा वळसा घालून जायची. आधी आजीच्या अंथरुणात झोपणारी पोर आता भिंतीकडे तोंड करून एकटी निजते, असं कडूबाई सुभद्राबाईला सांगत होती. दोघींनाही कारण माहीत नव्हतं. त्या दिवशी कडूबाईची पाठ पुढच्या बाकाकडे होती, पाण्याच्या आवाजात भागवत उतरलेला तिला कळलाच नव्हता. भागवतला माहीत होतं, तो बोलत नव्हता. पोरीला वाचवतोय अशी त्याची समजूत होती.

मग एका संध्याकाळी दादा अमरला घेऊन आले. अमरचा वाढदिवस होता, अंगात नवा कोट होता. दादांनी त्याला मांडीवर घेऊन एक फेरी मारली. मग खोलीपाशी येऊन थांबवायचं पॅडल दाबलं, ‘कट्’ झालं आणि ते खाली उतरले.

“आता एकटा बस. चाक धर. मी समोरून व्हिडिओ काढतो.”

मित्रांनो, दादांची तरी काय चूक? त्यांना वाटत होतं, त्या दिवशी गाडीवान झोपला म्हणून अपघात झाला. आपण तर जागे आहोत. मी थांबले की थांबले, असंच त्यांनाही वाटत होतं. त्यांना कुणी खरं सांगितलंच नव्हतं.

ते माझ्या अगदी समोर उभे राहिले. मागे भिंत, पुढे मी. अमर चाकाला हात पुरवायला पुढे सरकला. आणखी सरकला. त्याच्या नव्या बुटाचं टोक पळवायच्या पॅडलकडे येताना मला जाणवत होतं आणि मला पुन्हा काहीच करता येत नव्हतं.

रोहिणी चहाचा पेला घेऊन येत होती. तिने पेला टाकला.

“दादा, सरका! चावी काढा, चावी!”

दादांनी मोबाइलमधून डोळे वर काढेपर्यंत ती माझ्यापाशी पोचली होती. माझ्यापाशी! अमरच्या गुडघ्यांवरून तिने हात घातला. ‘कट्’ झालं, मी वीतभर पुढे गेले, आणि तिने चावी फिरवली. मी थांबले. दादांच्या गुडघ्याला माझा पुढचा भाग टेकला होता.

“कावून गं?” दादा तिच्यावरच खेकसले. “चावीला हात लावायला कोणी सांगितलं तुला?”

रोहिणीने चावी सोडली नाही. “त्या दिशी मी व्हते,” ती म्हणाली. “आबा पाण्याकडं गेलते. माजा पाय घसरला आन् ही निगाली. आबा झोपले नव्हते. आज्जीचा पाय मी मोडला.”

गेटवरून भागवत धावत आला होता. दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, मग त्याच्याकडे.

“भागवत, तू मला खोटं सांगितलंस? आज माझं पोरगं माझ्याच अंगावर...”

“त्याला बोलू नका, दादा,” कडूबाई बाजेवरून म्हणाली. “हे खोटं त्याचं न्हाई. लई जुनं हाय. माजं हाय.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“भागवता, घोडीनं तुला पाडलं व्हतं,” ती म्हणाली. “गंगथडीला जाताना, वड्यात. कोकरं पळत व्हती, म्या घाईघाईत गाठ सैल बांधली. तू दगडावर पडलास. तीन दिस डोळा उघडला न्हाई. सासू जीव घील म्हणून म्या सांगितलं, पोरगं आपल्याच पायानं उतरलं, घोडी गरीब, जाग्यावर हुबी हुती. तवापासून समदी म्हणत्यात, घोडी लेकराला पाडत न्हाई. तू आयकलं, तूबी म्हणाया लागलास. म्या कदी तुजं त्वांड धरलं न्हाई.”

भागवत खालीच बसला. मी तर पुरती चक्रावले. जिच्यासारखं व्हायला मी एवढी धडपडले, तिलासुद्धा ते येत नव्हतं! तीही माझ्यासारखीच चालत होती आणि तिच्या पाठीवरच्या लेकराची काळजी माणसांनीच घ्यायची होती.

“पप्पा,” अमरने विचारलं, “मग मी चालवत नव्हतो का?”

दादांनी त्याला कडेवर घेऊन खाली उतरवलं. “न्हाई बाळा,” ते म्हणाले. “पाय माझा असायचा.” मग त्यांनी माझी चावी काढून खिशात टाकली आणि भागवतला उठायला हात दिला.

मित्रांनो, मी अजून लॉन्सवरच आहे. त्या दिवशी मला कोण चालवत होतं, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. पण तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आईबाबांच्या शेजारी बसून चाक जरूर धरा, त्यात मोठी मजा आहे. मात्र ते खाली उतरायला लागले की हात धरून सांगा, आधी चावी. आम्ही मुकी यंत्रं शहाणी नसतो, कुणी कितीही लाडाने हाक मारली तरी. आणि काही मोडलंच तर मोठ्यांना म्हणा, माझ्यासाठी खोटं बोलू नका. सांगणाऱ्याला वाटतं लेकरू वाचलं, पण त्या लेकराला ते खोटं एकट्याने उचलत बसावं लागतं.

त्या संध्याकाळी सगळे गेले. रोहिणी फुटलेल्या पेल्याचे तुकडे गोळा करत बसली होती. ते संपले तरी ती उठेना.

“ये की हिकडं,” कडूबाई म्हणाली. “पाय दाब जरा.”

रोहिणी बाजेपाशी गेली आणि तशीच उभी राहिली. हात पुढे होईना.

“भेऊ नको, माय,” आजी म्हणाली. “सळईचा हाय, आता तुज्यानं मोडत न्हाई.”

रोहिणी हसायला गेली आणि हुंदका फुटून आजीच्या पायांवर पडली.